जुना कॅमेरा आणि नवें भिंग

(नभोवाणीवरील भाषण)



पुष्कळ घरांतून कपाटाच्या वरच्या खणांत, चामड्याच्या पाकिटांत ठेवलेला असा एक जुना कॅमेरा असतो. तो आजोबांचा असतो, मामांचा असतो, किंवा परदेशीं जाऊन आलेल्या कोणा आप्ताचा असतो. दिवाळीच्या साफसफाईंत तो वर्षांतून एकदां खालीं येतो, फडक्यानें पुसला जातो आणि पुन्हां वर जातो. तो टाकवत नाहीं आणि वापरवतहि नाहीं. पुढें केव्हां तरी घर बदलतांना तो जुन्या वस्तूंच्या दुकानीं जातो, किंवा दिवाणखान्यांतील फळीवर शोभेचा होऊन बसतो.

त्याची गणना शोभेच्या वस्तूंत होण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा. हें यंत्र खरोखर निकामी झालें आहे, कीं केवळ जुनें झालें आहे? या दोन गोष्टी आपण फार सहज एक मानतों. कॅमेऱ्याच्या बाबतींत त्या एक नाहींत. आणि ज्या कॅमेऱ्याचें भिंग काढून दुसरें बसवितां येतें, त्याच्या बाबतींत तर मुळींच नाहींत. ऐंशींनव्वद वर्षांपूर्वींच्या पेटीला गेल्या पंचवीस वर्षांत तयार झालेलें भिंग लावून आज उत्तम चित्र काढतां येतें. तें कसें, त्यांत आनंद कोणता आणि खांचखळगे कोठें आहेत, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

कॅमेरा म्हटला कीं त्यांत मुळांत चार गोष्टी आल्या. बाहेरचा उजेड आंत येऊं न देणारी काळोखी पेटी. ठराविक क्षणापुरतें उघडून मिटणारें दार, म्हणजे शटर. किरणांना एकत्र आणून चित्र पाडणारें भिंग. आणि तें चित्र धरून ठेवणारी फिल्म. यांपैकीं म्हातारपण कोणाला येतें तें पाहूं. पेटी धातूची असते. तिला फारसें वय नाहीं. शटर हें एक प्रकारचें घड्याळच होय. त्यांतील वंगण सुकतें, स्प्रिंग सैल पडते, पण जाणता कारागीर भेटला तर तें पुन्हां वेळेवर चालूं लागतें. फिल्म तर प्रत्येक वेळीं कोरी असते. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व सहसा ध्यानांत येत नाहीं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत चित्र धरणारा भाग यंत्रांतच कायमचा बसविलेला असतो. तो मागें पडला कीं सगळा कॅमेरा मागें पडतो. जुन्या कॅमेऱ्याचें तसें नाहीं. १९३५ सालच्या कॅमेऱ्यांत आज इल्फर्डची एचपी ५ प्लस ही फिल्म घातली, तर त्याच्या जन्मानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळानें, १९८९ मध्यें निघालेला पडदा त्याला लाभतो.

राहिलें भिंग. भिंगाला मात्र दोन प्रकारचें वय असतें. एक शरीराचें : ओरखडे, धुरकटपणा, बुरशी. दुसरें ज्ञानाचें : तें ज्या काळीं घडलें त्या काळीं गणिताची मजल आणि कांचेची जात जेथवर पोंचली होती, तेथवरच त्याची मजल. पहिलें वय जपणुकीनें लांबवितां येतें. दुसऱ्यावर इलाज नाहीं. म्हणून बदलावयाचें असेल तर भिंगच बदलावयाचें.

पण हें बदलणें शक्य व्हावें यासाठीं जुन्या पेटीचें आणि नव्या भिंगाचें एका गोष्टीवर एकमत असावें लागतें, आणि ती गोष्ट म्हणजे माप. या मापाची कथा जर्मनींतील वेट्झलार या गांवीं सुरू होते. तेथें अर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथील ऑस्कर बारनाक नांवाच्या यंत्रज्ञानें १९१३-१४ च्या सुमारास चलच्चित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा एक लहानसा कॅमेरा बनविला. चलच्चित्राचें एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचें असे. बारनाकनें तें दुप्पट करून २४ बाय ३६ केलें. मध्यें महायुद्ध झालें. अखेर १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत हा कॅमेरा 'लायका' या नांवानें लोकांपुढें आला. त्या वेळीं त्याचें भिंग पेटीला पक्कें जडविलेलें होतें.

१९३० सालीं लाइट्झ यांनीं भिंग फिरवून काढतां येईल असा कॅमेरा काढला. भिंगाच्या मागें ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे पाडलेले होते. मात्र प्रत्येक पेटीचें माप केसभर निराळें असे. म्हणून भिंगें त्या त्या पेटीला जुळवून द्यावीं लागत आणि भिंगावर त्या पेटीचा क्रमांक कोरीत. एका घराची किल्ली जशी दुसऱ्या घराला लागत नाहीं, तशांतला हा प्रकार होता. १९३१ सालीं त्यांनीं हें अंतर कायमचें ठरवून टाकलें. भिंग जेथें टेकतें त्या कड्यापासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर, न कमी न जास्त. ज्या पेट्या या मापाच्या झाल्या त्यांच्या कड्यावर वरच्या बाजूस एक बारीकसें शून्य कोरण्यांत आलें. त्या शून्याचा अर्थ इतकाच कीं, या मापाचें कोणतेंहि भिंग येथें चालेल.

पुढें १९३२ सालीं अंतरमापक पेटींतच बसविलेला दुसरा नमुना आला, १९३३ मध्यें एक सेकंदापर्यंतच्या मंद गतींचा तिसरा नमुना आला आणि १९३५ मध्यें त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाची गति मिळाली. या लहान कॅमेऱ्यांनीं वृत्तचित्रणाची रीतच पालटली. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं लायका हातीं घेतला तो याच काळांत, आणि ३० जानेवारी १९४८ च्या त्या दुर्दैवी दिवशीं दिल्लींत गांधीजींची भेट घेऊन ते बाहेर पडले, त्यानंतर थोड्याच वेळांत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतरच्या प्रसंगांचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें साऱ्या जगानें पाहिलीं आहेत.

दरम्यान २८.८ चें माप वेट्झलारच्या वेशीबाहेर पडलें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आणि त्यानंतर इंग्लंडांत रीड, अमेरिकेंत कार्डन, जपानांत कॅनन अशा अनेक कॅमेऱ्यांनीं हीच जोडणी घेतली. सोव्हिएट देशांतील खार्कोव्ह येथें १९३४ पासून 'फेड' नांवाचे कॅमेरे याच नमुन्यावर होत; परंतु त्यांच्या प्रारंभीच्या पेट्यांत मापाचा एकसारखेपणा नव्हता. त्यामुळें त्यांना परकें भिंग आट्यांवर बसे, पण चित्र जागेवर बसत नसे. बाहेरून सारखें दिसणें आणि मापानें सारखें असणें यांतील फरक येथें दिसून येतो.

जुन्या पेटीला नवें भिंग लावण्याची कल्पना आजची नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. १९५० सालीं अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोंत होते. जून मिकी या जपानी छायाचित्रकारानें निक्कॉर भिंगानें काढलेलें स्वतःचें चित्र त्यांनीं पाहिलें आणि त्यांना त्याच्या रेखीवपणाचें आश्चर्य वाटलें. जपानी माल म्हणजे नकली माल अशी पश्चिमेकडे समजूत असण्याचा तो काळ. डंकन त्या भिंगाच्या कारखान्यांत गेले, स्वतः परीक्षा केली आणि आपल्या लायका कॅमेऱ्यांना निक्कॉर भिंगें लावून घेतलीं. लवकरच कोरियाचें युद्ध सुरू झालें. तेथून त्यांनीं धाडलेल्या चित्रांचा रेखीवपणा पाहून न्यूयॉर्कमधील जाणकार चकित झाले. जपानी भिंगांची कीर्ति जगभर पसरण्यास हा प्रसंग मोठा कारण झाला. पेटी जर्मन, डोळा जपानी. आणि दोघांना जोडणारें तें जुनें माप.

आतां नव्या भिंगांत नवें काय असतें, तें पाहूं. कांचेच्या ज्या पृष्ठावर प्रकाश पडतो, त्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारें शेंकडा ४ भाग मागें परततो. खिडकीच्या कांचेंत आपलें अंधुक प्रतिबिंब दिसतें तें यामुळेंच. लाइट्झ यांचें १९३३ चें एक प्रसिद्ध भिंग घ्या. त्याचें नांव 'सुमार' असलें तरी त्या काळीं तें मुळींच सुमार नव्हतें. त्यांत सहा भिंगें चार गटांत बसविलेलीं होतीं. म्हणजे हवेला लागणारीं पृष्ठें आठ. दर पृष्ठीं शेंकडा ४ प्रमाणें हिशेब केला तर शंभरांतील सुमारें ७२ भागच सरळ पार जातात. उरलेल्या २८ भागांपैकीं बराचसा प्रकाश समोरून बाहेर निघून जातो. पण कांहीं किरण कांचेकांचेमधून उड्या मारीत फिल्मवर येऊन पडतात आणि सर्व चित्रावर धुक्यासारखा पातळ पडदा पसरतो. उन्हाकडे तोंड करून जुन्या भिंगानें चित्र घेतलें म्हणजे तें फिकें दिसतें, त्याचें कारण हें.

यावर उपाय सांपडला तोहि मौजेनेंच. गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील हॅरोल्ड डेनिस टेलर यांच्या ध्यानांत आलें कीं, वर्षानुवर्षें हवा लागून ज्याचें पृष्ठ डागाळलें आहे असें भिंग, नव्या चकचकीत भिंगापेक्षां अधिक प्रकाश पार सोडतें! डाग हाच गुण ठरला. तो डाग मुद्दाम आणि मापानें कसा पाडावा, हें १९३५ सालीं झाइस कारखान्याचे अलेक्झांडर स्माकुला यांनीं साधलें. निर्वात पात्रांत कांचेवर एक अतिशय पातळ लेप चढवावयाचा. त्याची जाडी प्रकाशलहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाएवढी. मग लेपाच्या वरच्या पृष्ठावरून परतणारी लहर आणि खालच्या पृष्ठावरून परतणारी लहर एकमेकींना मारून टाकतात, आणि प्रकाश परतण्याऐवजीं पुढें जातो. आजच्या भिंगांवर असे एकावर एक अनेक लेप असतात. पृष्ठामागें तूट शेंकडा अर्ध्या भागावर आली असें धरलें, तर आठ पृष्ठांमधून शंभरांतील ९६ भाग पार जातात.

दुसरी सुधारणा आकाराची. सामान्य भिंगाचें पृष्ठ चेंडूच्या तुकड्यासारखें गोल असतें, कारण तसें घासणें सोपें. परंतु गोल पृष्ठ कडेच्या किरणांना आणि मधल्या किरणांना नेमकें एकाच बिंदूंत आणीत नाहीं. पृष्ठाचा गोलवा कडेला किंचित् पालटला तर हा दोष जातो. १९६६ सालीं लाइट्झ यांनीं असें अगोल भिंग विक्रीस आणलें, तेव्हां तें घडविण्यास कुशल हात लागत. आज तापलेली कांच सांच्यांत दाबून अशीं भिंगें करतात. आणि ज्या आकडेमोडीला पूर्वीं माणसें महिनोन्महिने लॉगरिथमचीं कोष्टकें घेऊन बसत, ती गणकयंत्रें आतां अल्पावधींत करतात.

जुन्या आट्यांच्या पेटीला हा सगळा लाभ मिळाला तो १९९९ सालीं. जपानच्या नागानो प्रांतांतील कोसिना या कारखान्यानें, १७५६ मध्यें व्हिएन्ना येथें सुरू झालेल्या फोग्टलेंडर या पेढीचें नांव परवान्यानें घेऊन, ३९ मिलिमीटर आट्यांचीं अगदीं नवीं भिंगें काढलीं. पहिल्यांतच १५ मिलिमीटरचें 'सुपर वाइड हेलियर' होतें. त्याचा दृष्टिकोन कर्णरेषेवर सुमारें ११० अंशांचा. १९३५ च्या लायकाला त्या काळीं मिळणारें सर्वांत रुंद नजरेचें भिंग २८ मिलिमीटरचें, आणि त्याची नजर सुमारें ७५ अंशांची. गिरगांवांतील चाळीच्या अरुंद गॅलरींत उभें राहून समोरची सगळी ओळ एका चित्रांत घेणें बारनाकच्या हयातींत त्याच्या कॅमेऱ्याला शक्य नव्हतें. आज त्याच पेटीला तें शक्य झालें आहे. त्यापाठोपाठ ३५ मिलिमीटरचें 'कलर स्कोपार' आणि ५० मिलिमीटरचें अगोल पृष्ठाचें 'नोक्टॉन' अशीं आणखीहि भिंगें आलीं.

येथें ग्राहकानें सावध राहावयास हवें. १९५४ सालीं लायकाची एम नांवाची नवी जोडणी आली. तींत आटे नाहींत. भिंग किंचित् फिरवून अडकवावयाचें. तिचें अंतर मुद्दाम २७.८ मिलिमीटर ठेवलें, म्हणजे जुन्या मापाहून बरोबर एक मिलिमीटर कमी. मध्यें एक मिलिमीटरची कडी घातली कीं जुनें आट्यांचें भिंग नव्या पेटीवर बसावें, ही त्यांतील योजना. पण उलट होत नाहीं. एम जोडणीचें भिंग आट्यांच्या पेटीवर चालावयाचें तर तें एक मिलिमीटर आंत शिरावें लागेल, आणि धातूंत धातु शिरत नाहीं. कोसिनाचा भर पुढें एम जोडणीकडे वळला, म्हणून आट्यांच्या पेटीसाठीं बहुधा वापरलेलीं भिंगेंच शोधावीं लागतात. विकत घेतांना 'लायकाचें' एवढ्या शब्दावर न थांबतां, आटे कीं एम, हें विचारून घ्यावें.

आपल्या घरचा कॅमेरा लायका असेलच असें नाहीं. आपल्याकडे घरोघरीं असलेला आग्फा क्लिक थ्री घेतला तर त्याचें भिंग पेटीला कायमचें जडविलेलें. तेथें हा प्रयोग होणार नाहीं. परंतु आरशाचे निकॉन कॅमेरे असतील तर त्यांची एफ जोडणी १९५९ पासून चालत आलेली आहे. मात्र इ. स. २००० नंतरच्या अनेक निक्कॉर भिंगांना छिद्र लहानमोठें करण्याचें कडें नसतें. तें काम पेटींतील यंत्रणेनें करावयाचें असतें. असें भिंग जुन्या पेटीवर बसतें, पण त्याचें छिद्र आपल्या हातीं राहत नाहीं. तेव्हां नियम सोपा : ज्या नव्या भिंगाला छिद्राचें कडें आहे, तेंच जुन्या पेटीच्या उपयोगाचें.

भिंग मिळालें म्हणून लगेच फिल्म घालूं नये. प्रथम शटरचे पडदे पाहावेत. ते रबर चढविलेल्या कापडाचे असतात. कॅमेरा उन्हांत सूर्याकडे तोंड करून राहिला तर भिंग आगकांचेचें काम करतें आणि पडद्याला बारीक भोंक पडतें. भिंग काढून, अंधाऱ्या खोलींत आंतून विजेरीचा प्रकाश पाडला तर असें भोंक चांदणीसारखें चमकतें. मग मंद गति तपासाव्यात. एक सेकंदाची गति दोन सेकंद रेंगाळत असेल तर वंगण सुकलें असें समजून कॅमेरा कारागिराकडे द्यावा. घरीं तेल सोडूं नये. गतीची चकती फिल्म पुढें सरकविल्यानंतरच फिरवावी, आणि कळ दाबतांना ती स्वतः फिरत असते म्हणून तिला बोट लागूं देऊं नये.

यानंतरची परीक्षा अंतरमापकाची, आणि हीच खरी परीक्षा. अंतरमापकांत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवून त्या एकावर एक आणल्या कीं अंतर जुळलें. भिंग अनंत अंतरावर ठेवून दूरच्या मनोऱ्याकडे पाहावें. प्रतिमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मग एक मीटरवर, तिरपें धरलेलें वर्तमानपत्र ठेवून, त्यांतील एका ओळीवर जुळवून, छिद्र पूर्ण उघडें ठेवून चित्र घ्यावें. फिल्म धुतल्यावर तीच ओळ सर्वांत स्पष्ट आली तर ठीक. पुढची किंवा मागची ओळ आली तर अंतरमापक दुरुस्त करून घ्यावा.

हा खटाटोप कशासाठीं, तें आंकड्यांनीं सांगतों. ५० मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र एफ १.५ इतकें उघडें ठेवून एक मीटरवरच्या माणसाचें चित्र घेतलें, तर जी स्पष्ट दिसते ती खोली अवघी साडेतीन सेंटीमीटर. डोळे स्पष्ट आले तर कान येत नाहींत. छिद्र एफ ८ केलें तर तीच खोली सुमारें १९ सेंटीमीटर होते. जुन्या मऊ भिंगांत पेटीची लहानशी चूक सर्वत्र पसरलेल्या मऊपणांत लपून जात असे. नवें भिंग ती लपवीत नाहीं. चांगला चष्मा लागल्यावर भिंतीवरचे डाग दिसूं लागावेत, तसें हें आहे. डाग चष्म्यानें पाडले नाहींत. म्हणून नव्या भिंगाचा खर्च करणाऱ्यानें पेटीच्या दुरुस्तीचा खर्च आधीं मनांत धरावा. त्यावांचून तें भिंग केवळ महाग अलंकार होय.

रुंद नजरेच्या भिंगांत हा धोका फारच थोडा असतो. ३५ मिलिमीटरचें भिंग एफ ८ वर ठेवून अंतर ५ मीटरवर लावलें, तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येतें. १५ मिलिमीटरच्या भिंगाचें अंतर एफ ८ वर एक मीटर लावलें, तर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत. या भिंगाचा पहिला नमुना अंतरमापकाला जोडलेलाच नव्हता, तो याच कारणानें. नवशिक्यानें आरंभ येथूनच करावा. जुन्या पेटीचें दृश्यदर्शक ५० मिलिमीटरच्या नजरेचें असतें, म्हणून अशा भिंगासाठीं वरच्या खाचेंत निराळें दृश्यदर्शक बसवावें लागतें, इतकेंच.

फिल्म घालण्याचीहि एक रीत आहे. या पेट्यांचें पाठीमागचें दार उघडत नाहीं; तळाचें झांकण काढून फिल्म खालून सरकवावी लागते. आजच्या फिल्मचें निमुळतें टोंक आंखूड असतें, तें तसेंच घातलें तर आंत अडकतें. म्हणून कात्रीनें तें सुमारें १० सेंटीमीटर लांब कापून घ्यावें, आणि काप छिद्रांमधून जाऊं देऊं नये. प्रकाशमापक नसेल तर जुना ठोकताळा आहेच : लख्ख उन्हांत छिद्र एफ १६, आणि फिल्मचा वेगांक ४०० असेल तर गति सेकंदाचा पांचशेंवा भाग, वेगांक १०० असेल तर शंभरावा. सावलींत याहून तीन-चार पायऱ्या अधिक प्रकाश द्यावा.

इतकें सांगितल्यावर, नवें भिंग सर्वत्र श्रेष्ठच असतें, असा ग्रह होऊं नये. जुन्या भिंगाचा तो पातळ धुक्याचा पडदा काळ्या सावल्यांतहि थोडा प्रकाश नेऊन टाकीत असे. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत भर दुपारीं अंगणांत बसलेल्या माणसाचें चित्र घ्यावें, तर कपाळ पांढरें फटफटीत आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्याकुट्ट. येथें जुनें भिंग थोडें दयाळू असतें. नव्या भिंगानें हेंच चित्र घेतांना प्रकाश एक पायरी अधिक द्यावा आणि फिल्म धुण्याचा वेळ थोडा कमी करावा. म्हणजे सावलींतला तपशील येतो आणि उजेडाचा भाग करपत नाहीं. त्याच्या उलट पावसाळ्यांतील सपाट उजेड, संध्याकाळचीं दुकानें, खिडकीजवळची बैठक, दिव्यासमोरचा चेहरा, येथें नवें भिंग आपला गुण दाखवितें. म्हणून नवें आलें कीं जुनें विकूं नये. एका पेटीला दोन डोळे असले तर तें ऐश्वर्यच समजावें.

आणि या पावसाळ्याची आठवण झाली म्हणून सांगतों. मुंबई-कोंकणाच्या हवेंत भिंगाचा सर्वांत मोठा शत्रु ओरखडा नव्हे, बुरशी होय. तिचे तंतु लेपांत शिरले कीं लेप खातात, आणि पुसून निघाले तरी खुणा राहतात. नवें भिंगहि तिच्यापासून मुक्त नाहीं. चामड्याचें पाकीट दिसावयास सुंदर, पण तें दमट हवा धरून ठेवतें; कॅमेरा त्यांत महिनोन्महिने कोंडणें म्हणजे बुरशीला आमंत्रण देणें होय. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलची पुडी घालून कॅमेरा ठेवावा, पुडी वेळोवेळीं तापवून कोरडी करावी. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे कॅमेरा वापरणें. हातांत असलेल्या यंत्राला वारा आणि उजेड लागतो, शटर चालत राहतें, वंगण गोठत नाहीं.

आतां अखेरचा प्रश्न. खिशांतला मोबाइल क्षणांत शंभर चित्रें काढीत असतांना हा उद्योग कोणी कां करावा? स्वस्त पडतो म्हणून नव्हे; फिल्म आणि तिची धुलाई यांचा खर्च मोठा आहे. सोयीचा आहे म्हणूनहि नव्हे. त्याचें कारण त्या छत्तीस चित्रांत आहे. छत्तीसच चित्रें हातीं असलीं कीं माणूस कळ दाबण्यापूर्वीं पाहतो. उजेड कोठून येतो, अंतर किती, आजीचा चेहरा केव्हां सैल पडला, हें त्याला स्वतः ठरवावें लागतें. त्याच्यासाठीं तें कोणी ठरवीत नाहीं. जुनी पेटी त्याला थांबावयास लावते आणि नवें भिंग त्याच्या थांबण्याचें चीज करतें. एकाच्या संथपणाला दुसऱ्याच्या स्वच्छ नजरेची जोड मिळते, म्हणून या दोघांची संगत आनंदाची.

यांत घराचाहि एक स्वार्थ आहे. आपल्या आजोबापणज्यांचे चेहरे आपणांस ठाऊक आहेत, ते कोणी तरी असा कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर क्षणभर उभें राहिलें म्हणून. त्या वेळच्या निगेटिव्ह पेटींत जपून राहिल्या आणि आजहि त्यांवरून नवी प्रत निघते. आज आपण हजारों चित्रें काढतों. त्यांतील किती पन्नास वर्षांनीं नातवंडांच्या हातीं लागतील, याचा विचार प्रत्येकानें आपल्याशीं करावा. वर्षाकांठीं दोन रोल जरी घरच्या माणसांवर खर्चिले, तरी बहात्तर निवडलेलीं चित्रें घराला मिळतील.

तेव्हां ज्यांच्या कपाटांत असा कॅमेरा आहे त्यांनीं येत्या रविवारीं तो खालीं काढावा, भिंग अलगद फिरवून पाहावें. तें आट्यांवरून सुटून हातांत आलें, तर कड्याच्या वरच्या बाजूस तें बारीक शून्य आहे का, हें भिंगकांच लावून पाहावें. नंतरच्या पेट्यांवर ती खूण नसली तरी माप तेंच असतें. वेट्झलारच्या कारागिरांनीं १९३१ सालीं तें माप ठरविलें, आणि नागानोंतील कारागिरांनीं अडुसष्ट वर्षांनीं तें जसेंच्या तसें पाळलें. ही परंपरा कपाटांत कोंडून ठेवावी कीं तिच्यांत एक फिल्म घालावी, एवढेंच ठरविणें आतां आपल्याकडे उरलें आहे.